वीजनाथ महाराजांचा खटका

बाप्पा बाप्पा, केवढी ती गर्दी! मे महिन्याची भर दुपार, बाहेर डांबर वितळलेलं, आणि उमरटेकच्या वीजनाथ महाराजांच्या मठात पाय ठेवायला जागा नव्हती. मठ म्हणजे पत्र्याचं एक लांबलचक शेड. खिडक्यांवर काळे पडदे ओढलेले, कारण देवीचं तेज म्हणे सूर्याच्या उजेडात दिसत नाही. आत तीस बल्ब आणि आठ पंखे. इतर देवळांत जिथं मूर्ती असते तिथं, समोरच्या भिंतीवर, हार घातलेली आणि हळदकुंकू वाहिलेली एक इलेक्ट्रिकची पेटी होती. पेटीला काचेचं दार, आत एक ब्रेकर. भातकुली, दर्यापूर, पार अकोल्याहून माणसं आली होती ती त्या ब्रेकरच्या दर्शनाला.

हसू नका. त्या ब्रेकरनं वर्षभरात दोन सोयरिकी मोडल्या होत्या, एक चोर ठरवला होता आणि एका म्हातारीला गावाबाहेर काढलं होतं. रीत सोपी होती. ज्याच्यावर संशय त्यानं पाण्यानं भरलेला गडवा दोन्ही हातांनी धरायचा आणि बोलायचं. खरं बोललं तर दिवे जळत राहतात. खोटं बोललं की खट्! खटका आपोआप खाली पडतो, दिवे जातात, पंखे थांबतात, आणि अंधारात सगळं शेड 'जय वीजनाथ' म्हणून ओरडतं.

"वीज म्हणजे देवी!" महाराज उंच आसनावरून सांगत होते. रुंद आसन, त्यावर वाघाचं चित्र छापलेली मखमली चादर. "तुमच्या घरी देवी मीटरमधून येते, ह्या मठात सरळ येते! जीव पॉझिटिव्ह, पाप निगेटिव्ह. दोन्ही एकत्र आले का शॉर्ट सर्किट! तुमच्या आत्म्याले अर्थिंग हाय का? नाही! ते मी देतो!"

विज्ञान शिकलेली दोन पोरंही माना डोलवत होती.

त्या दिवशी पाळी होती सुभद्राची. तिचा नवरा श्याम पंधरा दिवसांपूर्वी गेला. कूलरमध्ये पाणी टाकत होता, करंट लागला, जागीच संपला. तेरवी झाली आणि श्यामचे काका खुशालराव उठले. सुभद्रानं करणी केली, म्हणाले. तिनंच त्याला बादली हातात देऊन पाठवलं, म्हणाले. गावानं ठरवलं, महाराजांसमोर उभी करा. खटका पडला तर सुभद्रानं गाव सोडायचं. सात वर्षांची पोरगी आचल मात्र सासरीच राहील, कारण असल्या बाईजवळ पोट्टी कोण ठेवील?

आणि सुभद्राला दंडाला धरून मठात आणणारी होती तिची सख्खी नणंद, माणिकबाई.

माणिकबाई अमरावतीला राहायची. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकरा वर्षं टेबलाशी बसून काम करत होती. भाऊ गेल्याचं कळलं तेव्हापासून तिच्या डोक्यात घण पडत होते. कोणीतरी दोषी असायलाच हवं होतं. खुशालरावांनी सुभद्राचं नाव घेतलं आणि माणिकबाईला, खोटं कशाला बोला, हलकं वाटलं. का वाटलं ते पुढं येईलच.

सुभद्रानं गडवा धरला.

"बोल बेटी," महाराज म्हणाले.

"म्या मायाच नवऱ्याले काहून मारीन? म्या काई केलं नाई."

खट्.

अंधार. पंखे घरघर करत थांबले. "जय वीजनाथ!" बायकांनी पदर तोंडाशी नेले. सुभद्राच्या हातून गडवा पडला.

"थांबा!" महाराजांनी मोबाईलचा उजेड पेटीवर पाडला आणि काचेचं दार स्वतः उघडलं. "कोणी म्हणील, खटका ढिला हाय. या, पयलवान या! चढवा खटका आन् धरून ठेवा. देवीचा हात मोठा का तुमचा, पाहू!"

गावचा पहिलवान स्वप्निल पुढे आला. खटका चढवला, दिवे लागले. अंगठ्यानं दाबून तो वरच धरून ठेवला, मानेच्या शिरा ताणेपर्यंत. महाराज सावकाश आसनावर जाऊन बसले आणि सुभद्राला म्हणाले, "पुन्हा बोल."

"म्या नाई मारलं जी."

खट्! खटका स्वप्निलच्या अंगठ्याखाली वरच होता आणि तरी तीस बल्ब एकदम गेले. स्वप्निलनं हात असा मागं घेतला की जणू निखारा लागला. तेव्हा कुठं खटका खाली पडला. "खटका वरतेच होता बे," तो पुटपुटला, "तरी गेली!" आता मात्र शेडमधली शेवटची शंकाही मेली. मोबाईलांच्या उजेडात खुशालरावांनी पागोट्याच्या सोग्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "उद्या सकाळच्या एसटीनं हे बाई गावाबाहेर पायजे. पोट्टी आमच्याजवळ राहील."

सुभद्रा रडली नाही. ती फक्त माणिकबाईकडे पाहत राहिली.

आणि माणिकबाई? ती पेटीकडे पाहत होती. तिच्या कानात काहीतरी अडकलं होतं. पहिल्या वेळी तिला वाटलं, भास. दुसऱ्या वेळी तिनं नीट ऐकलं. 'खट्'च्या अगदी आधी, त्याला चिकटून, एक बारीकसा 'टिक्' होता. इतरांना तो ऐकू येण्याचं कारण नव्हतं. पण अकरा वर्षं, दिवसाला शेकड्यांनी, माणिकबाईनं तो 'टिक्' स्वतःच्या हातांनी तयार केला होता. चिमट्यानं स्प्रिंग बसवायची, पिन बसवायची, झाकण लावायचं, ब्रेकरच्या बाजूला जोडायचं, बटन दाबून पाहायचं. टिक्-खट्. पास. पुढचा.

ती पेटीजवळ गेली. ब्रेकरच्या कुशीला बोटभर रुंदीचा एक तुकडा चिकटलेला होता. त्याला स्वतःचा खटका नव्हता. फक्त खाली दोन बारीक वायरी होत्या, आणि त्या पाइपातून जमिनीवरच्या सतरंजीखाली उतरत होत्या.

अरे देवा, असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "अरे माया कर्मा!"

"काय झालं बाई?" महाराजांनी विचारलं.

"काई नाई महाराज. मले बी परीक्षा द्याची हाय."

महाराज खूश झाले. गिऱ्हाईक चालून आलं! खटका चढवला गेला, दिवे लागले. माणिकबाईनं उजव्या हातात गडवा घेतला, डाव्या हाताची मूठ आवळून गडव्याला लावली आणि मोठ्यानं म्हणाली, "माया मुठीत काळा मणी हाय. मायाच मंगळसूत्रातला."

दिवे जळत राहिले. लोकांनी माना डोलवल्या. खरं बोलली बाई.

"महाराज, मी खरी का खोटी?"

महाराज घुटमळले. मूठ तर बंद. "देवी सांगते ते खरं. दिवे चालू हायेत ना?"

"मंग मी खरी?"

"खरी."

माणिकबाईनं मूठ उघडली. रिकामी! लोक पुढं झुकले, आणि त्याच क्षणी, खट्! अंधार झाला.

"पाह्यलं? देवी कोपली!" महाराज ओरडले.

"मूठ उघडल्यावर?" अंधारातून माणिकबाईचा आवाज आला. "आमी पाह्यलं तवा देवीले कळलं? देवीपेक्षा मंग आमचे डोळे बरे!"

कुणीतरी फिसकन हसलं. मठात वर्षभरात पहिल्यांदा कुणी हसलं होतं.

"हे बाई नास्तिक हाय! हिले बाहेर काढा!" महाराज आसनावरून काही उठेनात. भक्तांतले दोघं माणिकबाईकडे धावले. पण स्वप्निल मधे आला. सगळ्या गावासमोर आपलं नाक कापलं गेलं, हे त्याला कधीचं टोचत होतं.

"माय, तू सांग. मी धरून ठेवला तरी लाईट कशी गेली?"

"ते मंग सांगतो. पयले ते सतरंजी उचल."

स्वप्निलनं खिडक्यांचे पडदे ओढून फेकले. लख्ख ऊन आत आलं आणि महाराजांचा दरबार एकदम गोदामासारखा दिसू लागला. सतरंजी उचलली तर खाली दोन वायरी, पाइपापासून सरळ आसनाकडे गेलेल्या. महाराज अजूनही बसूनच. शेवटी चौघांनी त्यांना चादरीसकट उचललं. वाघाच्या पोटाखाली, बरोबर महाराजांच्या टाचेच्या जागी, दारावरच्या घंटीला असतं तसलं बटन होतं.

"काकाजी, इकडे या," माणिकबाई म्हणाली. खुशालराव आले, पाय ओढत. "स्वप्निल, चढव खटका. आन् धर. काकाजी, ते बटन दाबा अंगठ्यानं."

"मी कायले..."

"दाबा म्हणतो ना!"

खुशालरावांनी दाबलं. टिक्-खट्. पंखे थांबले. स्वप्निलचा अंगठा खटक्यावर तसाच.

"आली देवी तुमच्या अंगठ्यात?" माणिकबाई गरजली. मग वळून लोकांना सांगू लागली. "आयका. हा जो बारीक तुकडा हाय, त्याले शंट म्हणतात. ब्रेकर येगळा येते, हा वरून जोडता येते. आत तारेची गुंडाळी हाय. बटन दाबलं का गुंडाळीत करंट जाते, ते एक पिन ढकलते, पिन ब्रेकरच्या पोटातली कळ सोडवते, लाईट बंद. कारखान्यात आग लागली तर दुरूनच सारं बंद करता यावं, म्हणून केली हे सोय."

"आन् म्या धरला होता तो?"

"खटका हातात हाय, कळ आत हाय. एकदा कळ सुटली का वरून कितीबी दाब, आतले तारायचे जोड सुटतातच. सारे चांगले ब्रेकर असेच असतात. काहून? कारण करंट लागून माणूस मरत असला तरी बाहेरचा एखादा शहाणा म्हणते, लाईट काहून गेली, आन् खटका दाबून धरते. त्या शहाण्यापासून माणूस वाचावा म्हणून हे अक्कल लावली कोणंतरी. जीव वाचवाची अक्कल! आन् ह्या हरामखोरानं तिच्यावर लोकायचे संसार मोडले."

महाराज तोवर मागच्या दारातून निघाले होते. पोलिसांनी त्यांना भातकुलीच्या आतच गाठलं, गुन्हा दाखल झाला, आणि ते जामिनावर सुटलेही. अकोल्याकडे एका गावात ते सध्या दुसऱ्या नावानं बसतात असं ऐकतो. तिथं म्हणे पाण्याचा दिवा पेटतो.

पण गोष्ट इथं संपती तर बरं झालं असतं. मठातून लोक पांगत होते, जो तो म्हणत होता, मले पयलेच शक होता. माणिकबाई सुभद्राजवळ गेली आणि तिचा हात धरू लागली. सुभद्रानं हात काढून घेतला.

"ताई, एक इचारू? तुमच्या कारखान्यात अजून एक ब्रेकर बनते ना? करंट गळाला का आपोआप बंद होते तो?"

"हाव."

"तुमीच सांगितलं होतं दिवाळीले. माणूस चिकटला तरी क्षणात बंद होते म्हणून. मंग आमच्या घरी काहून नव्हता?"

श्यामच्या घरी फ्यूज होता, आणि फ्यूजच्या जागी खिळ्याएवढी जाड तार बांधलेली. ती तार माणिकबाईनं दिवाळीत डोळ्यांनी पाहिली होती. पुढच्या खेपेला आणून देईन म्हणाली होती. पुढची खेप तेरवीलाच झाली.

"आन् काकाजीले इचारा," सुभद्रा म्हणाली. "कूलर त्यायनच आणला. तीन दांड्याची पिन होती, आमच्या बोर्डाले दोनच भोकं. पक्कडीनं तिसरी दांडी त्यायनच तोडली. मी म्हटलं होतं, काकाजी राहू द्या, त्याले काई अर्थ असन. तर म्हणे बायकायले काय समजते."

खुशालराव खाली बसले. तुटलेली ती दांडी अर्थिंगची होती.

"मठातली पेटी मले खोटी ठरवू शकत नव्हती, ताई. पेटीले तर बटन दाबावं लागे. तुमचं बटन कोणं दाबलं नाई, तरी तुमी माया दंडाले धरून आणलं."

माणिकबाई ओक्साबोक्शी रडू लागली. रड म्हणावं! पण रडून काही जोडलं जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सुभद्रा गाव सोडून गेलीच. फरक एवढाच की आचल तिच्या मांडीवर होती, आणि एसटी परतवाड्याची, माहेरची होती. गावानं थांब म्हटलं, सरपंचानं हात जोडले. ती म्हणाली, "तुमच्या गावात राहून आता कोणावर भरवसा ठेवू?"

तेव्हा ज्यांना ऐकायचं त्यांनी ऐका. भोंदू पकडणं सोपं असतं. सतरंजी उचलली की वायर सापडते. अवघड असतं ते त्याच्याकडे नेणारं मन पकडणं. घरात माणूस मेला तर आधी विचारा, कशानं मेला? कूलरला अर्थिंग होतं का, फ्यूजमध्ये तार किती जाड होती, दुरुस्ती कोणी केली? या प्रश्नांची उत्तरं कडू असतात, त्यांत कधीकधी आपलंच नाव निघतं. करणी, भूतबाधा, पांढऱ्या पायाची सून ही उत्तरं गोड असतात, कारण त्यांत नाव नेहमी दुसऱ्याचं असतं, आणि बहुतेक वेळा बाईचं. गोड उत्तर समोर आलं की थांबा आणि स्वतःला विचारा, हे खरं असावं असं मला का वाटतंय? एवढं विचारलं तर वीजनाथाला बसायला आसन मिळणार नाही.

उमरटेकमध्ये आता बावीस घरांत गळतीचा ब्रेकर लागला आहे. माणिकबाई रविवारी येते, उभं राहून बसवून घेते, बटन दाबून दाखवते. आचल परतवाड्याच्या शाळेत जाते, एवढं माणिकबाईला कळलं आहे. आपण भेटायला यावं का, हे सुभद्राला विचारायची हिंमत अजून तिला झालेली नाही.