गाईच्या दुधाला म्हशीचा नियम

माझ्या आक्काला गावानं पाणीवाली केलं. नेसरीजवळ आमची वाडी हाय. तिथल्या दूध संघाच्या केंद्रावर आक्का दूध घालायला गेली की मशीन ते नाकारायचं, पडद्यावर लाल अक्षरात 'पाण्याची भेसळ' यायचं, आणि रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. केंद्राचे सचिव बापूसो म्हणायचे, "आक्का, मशीन कशाला खोटं बोलंल?" ती संघाच्या हापिसात गेली तर तिथले मॅनेजर विजयसिंह साहेब, त्यांनी बसा म्हणूनसुद्धा सांगितलं न्हाय. "सिस्टीम चुकत नसती बाई, माणूस चुकतोय," एवढंच बोलले. मग हॉटेलवाल्यानं रतीब बंद केला, बचत गटाच्या बायकांनी तिला अध्यक्षपदावरनं काढलं. नवऱ्यामागं एकटीनं घर उभं केलेली माझी बहीण मान खाली घालून चालायला लागली. मला तिचं नाव परत पाहिजे होतं, आणि ज्यानं घालवलं त्याच्याच तोंडून.

मी निशिगंधा, शाहूपुरीत एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. कुठलं दूध घ्यायचं, कुठलं परत पाठवायचं, हे नियम ज्यात भरतात ते सॉफ्टवेअर संघाला आमच्याच कंपनीनं दिलंय. पण संघाकडनं तक्रार आल्याबिगर आम्हाला त्यात हात घालता येत न्हाय. आक्का गाय विकायला निघालती. मी म्हटलं, थांब जरा. आणि दातओठ खात बसले.

परवा तक्रार आली. विजयसिंह साहेबांनी स्वतःच्या मळ्यात गाई आणल्यात. त्यांचं दूध लाल झालं. आता मात्र सिस्टीम चुकायला लागली.

"मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर येडं झालंय. आमच्या घरच्या दुधात पाणी हाय म्हणतंय."

"बघते की साहेब," मी गोड आवाजात म्हटलं.

बघितलं. म्हशीच्या दुधाला फॅट जास्त, गाईच्या दुधाला कमी, म्हणून दोघांचे नियम वेगळे. म्हशीचा नियम साहेबांनी स्वतःच्या लॉगिननं भरलेला, आणि त्यात 'दुधाचा प्रकार' हा रकाना रिकामाच सोडलेला. आमच्याकडं जो तो म्हशीच पाळतो, त्यात काय लिहायचं, असं वाटलं असणार. पण सॉफ्टवेअरला रिकामं म्हणजे सगळीच जनावरं. वर हा नियम यादीत पहिला, त्यामुळं गाईच्या नियमाची पाळीच येत न्हाय. गाईच्या दुधाला म्हशीची फॅट मागायची, आणि न्हाय मिळाली की पाणी म्हणायचं, असा कारभार. वाडीत गाय एकट्या आक्काकडं.

रकान्यात एक शब्द भरला असता तर खुर्चीतनं न उठता काम संपलं असतं. पण मला ते तसं संपवायचंच नव्हतं. साहेबांना सांगितलं, बदल तुमच्या लॉगिननं करायला लागतोय, आणि केंद्रावर जाऊनच तपासायला लागंल. पहिलं खरं होतं, दुसरं साफ खोटं. केंद्र कुठलं ते मीच निवडलं.

सकाळी रांग भरलेली असताना मी आणि साहेब वाडीच्या केंद्रावर पोचलो. आक्का दारात गाय धरून उभी होती. किटलीत पाणी घातलं म्हणायला कुणाला जागा नको, म्हणून मीच तिला गाय घेऊन यायला सांगितलं होतं. तिनं सगळ्यांदेखत धार काढली. बापूसोंनी पडद्यावर 'गाय' निवडून दूध मशीनला लावलं. लाल. पाण्याची भेसळ.

"पाणी कुठनं आलं साहेब?" मी विचारलं. "आचळातनं?"

साहेबांचा चेहरा उतरला. जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, आत बसून बोलूया. गुपचूप दुरुस्त करून टाका."

"गुपचूप न्हाय. ही माझी सख्खी बहीण हाय." मी लॅपटॉप बापूसोंकडं फिरवला आणि रिकामा रकाना दाखवला. "साहेब, हा कुणी सोडला ते सगळ्यास्नी सांगा. मग भरू."

घरच्या गाईंचं दूध परत येत होतं, करतात काय. "नियम भरताना माझ्याकडनं चूक झाली," ते खाली बघत म्हणाले. "ह्यांच्या दुधात पाणी नव्हतं." मग त्यांनी रकान्यात 'म्हैस' भरलं. बापूसोंनी तेच दूध परत लावलं, आणि हिरवी अक्षरं आली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी लॅपटॉप पिशवीत घालायला लागले.

आक्काचं मात्र झालं नव्हतं. ती पेला घेऊन परत गाईखाली बसली, फेसासकट भरला आणि साहेबांपुढं धरला.

"प्या."

"मला दूध सोसत न्हाय, आक्का."

"मला तरी कुठं सोसलं? प्या."

साहेब प्याले. मिशीला फेस लागला, पुसायचंबी सुचलं न्हाय.

"पाणी हाय का?"

"न्हाय."

आक्कानं पेला परत भरला आणि रांगेकडं वळली. पहिली बाई बचत गटाची नवी अध्यक्ष होती. आक्कानं पेला तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता तू सांग." तिच्यामागं सगळी वाडी रांगेत उभी होती, आणि आक्काला कसलीच घाई नव्हती.