भुंकणारा हवा

"घरात माणसं किती?" कुत्री विकणाऱ्या दुकानदाराने विचारलं.

"एक. तुमच्यासमोर उभा आहे."

"मग लॅब्राडोर घ्या, काका. शांत जात. फारसा भुंकत नाही."

माझं डोकंच फिरलं. चौतीस वर्षं मी घरोघरी टपाल वाटलं. गल्लीगल्लीतली कुत्री माझ्यावर तुटून पडायची आणि त्या आवाजाने दारं उघडायची. निवृत्त झालो, खांद्यावरची पिशवी गेली. आता त्याच गल्ल्यांतून जातो, तर एक कुत्रं मान वर करत नाही.

"मला भुंकणाराच हवा," मी ठणकावलं.

"चोरांची भीती वाटते का?"

"चोर कशाला तडमडतोय माझ्याकडे! मी घरी आलो की भुंकायला हवा. कोणीतरी आलंय, हे त्या घराला कळू दे."