शर्यतीमागची रिकामी बस

शहराच्या मॅरेथॉनमध्ये सगळ्यात पुढे कोण पळणार याची काळजी वाहायला पुष्कळ लोक होते. सगळ्यात मागे कोण चालणार याची काळजी एकट्या वाहतूक खात्याच्या साहेबांना होती. शर्यतीच्या शेपटाला एक बस लागते. जो थकला, लंगडला, किंवा ज्याला मध्येच आपण हे कशाला करतोय असा प्रश्न पडला, त्याला आत घ्यायचं आणि शेवटच्या रेषेपाशी आणून सोडायचं, एवढंच तिचं काम. बस पुढे सरकली की मागचा रस्ता गाड्यांना मोकळा. पण ही बस माणसाच्या चालीनं चालवावी लागते, तीही अख्खी सकाळ. खात्यातल्या ड्रायव्हरांना ते काही जमेना. सरावाच्या दिवशी एकानं क्लच जाळला, दुसऱ्यानं चढावर बस बंद पाडली, आणि तिसरा कंटाळून बस चौकातच उभी करून चहा प्यायला गेला. तेव्हा कोणीतरी म्हणालं, अरे, मग सावकाशरावांना बोलवा की.

सावकाशराव नगरपालिकेची शववाहिनी चालवत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच राहिलं होतं. पहिल्या गियरमध्ये, हादरा न देता, मागून येणाऱ्यांच्या पावलाला चाक जुळवत गाडी नेणं ही त्यांची कला. या कलेची तारीफ करण्याच्या अवस्थेत त्यांच्या गाडीतलं कोणी कधी नसे, हा भाग वेगळा. ते आले की दुकानदार शटर अर्धं खाली ओढत, रस्त्यावरची माणसं टोपी काढत आणि ओळखीचा असो नसो, कोपऱ्यापर्यंत गाडीमागून चालत जात. सावकाशरावांना सगळं शहर ओळखत होतं आणि कोणीही त्यांच्याकडे पाहून हसत नव्हतं. चहाच्या टपरीवर ते बसले की बाकड्यावरची दुसरी माणसं हळूच उभ्यानं चहा प्यायची.

त्यांना प्रवासी बस हवी होती. गेली कित्येक वर्षं ते दरवर्षी अर्ज करत. ज्यांना कुठंतरी पोचायचंय अशी माणसं एकदा तरी आपल्या गाडीत बसावीत, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि वय वाढत चाललं तशी ती हट्टासारखी घट्ट होत गेली होती. साहेब दरवेळी तेच सांगत.

"तुमच्या कामाबद्दल काही तक्रार नाही हो. पण लोक नाही बसणार तुमच्या गाडीत. तुम्हाला स्टिअरिंगवर बघितलं की..." पुढचं वाक्य साहेब हातानं पुरं करत.

या वेळी मात्र गरज साहेबांना होती, आणि गरजवंताला अक्कल नसली तरी औदार्य येतं.

"असं करू," साहेब म्हणाले. "शर्यतीच्या दिवशी बसमध्ये माणसं बसवून आणा. बसलेली मला दिसली, की सोमवारपासून तुम्ही प्रवासी गाडीवर. आणि रिकामी आणलीत, तर हा विषय संपला. पुन्हा अर्ज करायचा नाही."

बायकोनं गणवेशाला कडक इस्त्री करून दिली. दारात म्हणाली, "हसतमुख राहा हं." मग जरा विचार करून म्हणाली, "पण फार नको. घाबरतील."

शर्यतीच्या सकाळी साहेबांनी उद्घाटन केलं. उद्घाटन कशाचं करायचं हे नीट ठरलेलं नव्हतं आणि फुलं तर आणलेली होती, म्हणून त्यांनी भला थोरला हार बसच्या नाकावर चढवला. बस पांढरी. हारही पांढरा. आत सावकाशराव. कोणाला काही खटकलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष पळणाऱ्यांकडे होतं.

पहिला दमलेला माणूस पेठेच्या वळणावर भेटला. अंगानं भरलेला, बँकेत कारकून असावा असा. फुटपाथवर बसून तो मासळीसारखा तोंड उघडत-मिटत होता. सावकाशरावांनी त्याच्या शेजारी अलगद बस उभी केली, दार उघडलं आणि बेताचं हसले. कारकुनानं वर पाहिलं. आधी हार पाहिला, मग चेहरा पाहिला.

"नको," तो उठत म्हणाला. "आता बरं वाटतंय." आणि असा काही सुटला, की पुढच्या वळणावर त्यानं चौघांना मागे टाकलं.

पुढे एक जोडपं भेटलं. नवरा म्हणत होता बसू या, बायकोनं बस पाहिली आणि नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला ओढत नेलं. एका पैलवानाला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. तो म्हणाला, मी रांगत जाईन. आणि गेला. त्या वर्षी शर्यत अर्धवट सोडणाऱ्यांची संख्या कमालीची घटली. त्याचं श्रेय आयोजकांनी नंतर वाटेत वाटलेल्या केळ्यांना दिलं.

सावकाशरावांचं तोंड एव्हाना हसून हसून दुखायला लागलं होतं. मागे आसनांच्या रांगा स्वच्छ पुसलेल्या, रिकाम्या. शर्यतीच्या मागे आता एकच माणूस उरलं होतं: शाळेतल्या गणिताच्या निवृत्त बाई. काळे कपडे, डोक्याला पांढरा रुमाल, चेहरा लालबुंद आणि घामानं चिंब. डावा पाय त्या नुसताच सोबत नेत होत्या, कामाचा तो राहिला नव्हता. पळणं केव्हाच संपलं होतं. चालणं म्हणावं, तर तेही उदार मनानं.

अशा रीतीनं पुढे बाई आणि मागे हार घातलेली पांढरी बस टेकडीवरच्या वस्तीत शिरली.

पळणारे जाऊन बराच वेळ झाला होता. टाळ्या वाजवणारे घरी गेले होते. बेकरीवाली काकू दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिनं आधी बाईंना पाहिलं, मग हार, मग सावकाशराव. हात आपोआप शटरकडे गेला. शटर अर्धं खाली आलं, काकूनं पदर सावरला आणि गुडघे दुखत असतानाही ती बसमागून चालू लागली. तिच्या पाठोपाठ शेजारचा शिंपी आला. शिंप्यामागून गॅरेजमधली दोघं हात पुसत आली. कोण गेलं हे कोणी विचारलं नाही. ते घरी परत येताना विचारायचं असतं.

सावकाशरावांनी आरशात पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. खिडकीतून मान बाहेर काढून ते म्हणाले, "अहो काकू, शर्यत आहे ही! कोणी गेलेलं नाही!"

"बरं बरं," काकू समजुतीच्या सुरात म्हणाली. गेलेलं नाही असं सुरुवातीला सगळेच म्हणतात, हे तिनं आयुष्यात बरंच पाहिलं होतं. "तुम्ही पुढं बघून चालवा."

टेकडी उतरली की कालव्याकडची वस्ती लागते. टेकडीवरच्यांचं सांडपाणी कालव्याकडे उतरतं आणि कालव्याकडच्या भट्ट्यांचा धूर टेकडीवर चढतो, त्यामुळे दोन्ही वस्त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकमेकांच्या लग्नाला न जाणं हा दोन्हीकडचा एकमेव सामाईक रिवाज. पण टेकडीवरची एवढी माणसं मान खाली घालून उतरताना पाहिली आणि कालव्याकडचा सलूनवाला हातातला वस्तरा ठेवून उठला. खुर्चीतलं गिऱ्हाईकही अर्ध्या दाढीनिशी उठलं.

"त्यांच्याकडचं दिसतंय कोणीतरी," सलूनवाला म्हणाला. "जायला पाहिजे. मरणाशी काय भांडण?"

आणि कालव्याकडची वस्ती बसमागून चालू लागली. टेकडीवरच्यांना वाटलं, एवढी माणसं आली म्हणजे गेलेला माणूस कालव्याकडचाच असणार. त्यांनी आदबीनं बाजूला सरून कालव्याकडच्यांना पुढे जागा दिली. कालव्याकडच्यांनी, नाही नाही, तुम्ही पुढे, असं केलं. दोन्ही वस्त्यांत इतकी सभ्यता पूर्वी कधी दिसली नव्हती. काकूचा गुडघा आखडला तेव्हा सलूनवाल्यानं मुकाट्यानं आपला हात पुढे केला, आणि काकूनं तो धरला. पुढे चालणाऱ्या बाईंकडे पाहून ती हळहळली, "बिचारी. बघवत नाही."

बिचाऱ्या बाई मनातल्या मनात सातचा पाढा म्हणत होत्या. पाय उचलायला त्याची मदत होत होती.

तेवढ्यात सावकाशरावांच्या समोरच्या वायरलेसमधून साहेब ओरडले, "कुठं आहात? रस्ते उघडायचेत! मागं कसली गर्दी आहे म्हणे? बाईंना ओलांडा, बाद करा आणि आत घ्या. कोणी बसलंय का तोवर?"

"नाही साहेब."

"मग त्या तरी बसू देत. एक तर एक!"

नियमच तसा होता. बस पुढे गेली की पळणारा बाद, आणि बाद झालेल्यानं बसमध्ये बसायचं. एक पाय जरा दाबला असता, तर काम झालं असतं. एक तर एक. सोमवारपासून प्रवासी गाडी. सावकाशरावांनी पाय दाबला. बस बाईंच्या बरोबरीला आली.

"बाई, बसा आता," ते म्हणाले. "पाय बघा तुमचा."

बाईंनी मान न वळवता विचारलं, "तुमच्या गाडीत?"

"ही ती गाडी नाही बाई. साधी बस आहे. खिडक्या आहेत, सीटा आहेत."

"सावकाशराव, तुमच्या गाडीत मला एक दिवस बसायचंच आहे. तेव्हा मी एका शब्दानं नाही म्हणणार नाही. आज मला विचारताय, म्हणून सांगते, नको." मग दोन पावलं ओढून त्या म्हणाल्या, "तुम्हाला पुढं जायचं असेल तर जा. नियम मला माहीत आहे. मग बसावंच लागेल."

सावकाशरावांना जायचं होतं. फार जायचं होतं. पण आजवर त्यांच्या गाडीत जो आला तो दुसऱ्यांनी आणून ठेवलेला. मर्जीनं चढलेलं एक माणूस नाही. आणि पहिली जिवंत सवारी मिळवायची तीही अशीच, नाइलाजानं आत घातलेली? त्यापेक्षा जुनी गाडी काय वाईट होती? त्यांनी पाय काढला. बस बाईंच्या मागे पडली. वायरलेस ओरडत राहिला, तेव्हा त्यांनी त्याच्यावर आपली टोपी ठेवली.

शेवटच्या रेषेपाशी मांडव उतरवत होते. बाई रेषेवर पोचल्या, पलीकडे गेल्या आणि तिथंच रस्त्यावर बसल्या. मागून बस आली. बसमागून दोन वस्त्या आल्या आणि टोप्या हातात धरून उभ्या राहिल्या. मग सलूनवाल्यानं पुढे होऊन बसमध्ये डोकावून पाहिलं.

"आत कोणी नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?" काकू.

"म्हणजे कोणी गेलंच नाही."

"मी तेच सांगत होतो," सावकाशराव म्हणाले.

लोकांना वाईट वाटलं. म्हणजे कोणी गेलं नाही याचं नव्हे, पण इतकं चालल्यावर माणसाची काहीतरी अपेक्षा असते. शिंपी म्हणाला, मी कापड अर्धं कापून आलोय. अर्ध्या दाढीच्या माणसाचं तर त्याच्याकडे पाहिलं की कळत होतं. टेकडीवरच्यांनी कालव्याकडच्यांकडे आणि कालव्याकडच्यांनी टेकडीवरच्यांकडे पाहिलं. भांडायची सवय दोघांना होती, पण आता कुठून सुरुवात करावी ते सुचेना.

साहेब तरातरा आले. बसच्या पायरीशी उभं राहून त्यांनी रिकाम्या आसनांच्या रांगा शेवटपर्यंत न्याहाळल्या.

"रिकामी," ते म्हणाले.

"रिकामी," सावकाशराव म्हणाले.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच. चला, ठरल्याप्रमाणे विषय संपला." साहेबांचा आवाज कठोर नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं.

सावकाशरावांनी मान हलवली. हात स्टिअरिंगवरच होते. बायकोला काय सांगायचं, याचा ते विचार करत होते.

"ते सगळं ठीक आहे," काकू मध्येच म्हणाली, "पण आम्ही परत कसं जायचं? माझा गुडघा आता टेकडी चढणार नाही."

"रस्ते अजून बंद आहेत. रिक्षा नाही, काही नाही," शिंपी म्हणाला.

काकूनं बसकडे पाहिलं. हाराकडे पाहिलं. सावकाशरावांकडे पाहिलं. मग पुढे होऊन तिनं तो हार ओढून काढला, सलूनवाल्याच्या हातात कोंबला, दांडी धरली आणि पायरीवर पाय ठेवला. काकू कण्हत वर चढली, पहिल्याच आसनावर बसली आणि क्षणभर कानोसा घेत राहिली. काहीच झालं नाही.

"सीट मऊ आहे," तिनं बाहेर सांगितलं.

मग जी झुंबड उडाली! आतापर्यंतची सगळी सभ्यता दारातच सांडली. टेकडीवरच्यांनी रुमाल टाकून जागा धरल्या, कालव्याकडच्यांनी ते रुमाल उचलून खिशात घातले. बाईंना दोघांनी उचलून वर आणायला हात पुढे केले. त्या म्हणाल्या, "हात लावू नका, मी चढते," आणि स्वतः चढल्या. साहेबांची जीप बंद रस्त्यांपलीकडे कुठंतरी अडकली होती. तेही सगळ्यांच्या शेवटी बसमध्ये चढले, त्यांना जागा मिळाली नाही, दारात लोंबकळावं लागलं. आतून कोणीतरी खेकसलं, "ओ दारातले, आत सरका की!" साहेब आत सरकले.

सावकाशरावांनी बस सुरू केली. मागे आधी टेकडी की आधी कालवा यावरून जोरात जुंपली होती. पाठीमागे एवढा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी पहिला गियर टाकला आणि सवयीनं, हादरा न देता, अगदी अलगद, माणसाच्या चालीनं निघाले.

"अहो ड्रायव्हर!" मागून सलूनवाला ओरडला. "जरा दामटा की! मयताला निघालोय का आपण?"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. सलूनवाल्यानं जीभ चावली.

गाडीत माणसं बसली होती, त्यांना घरी जायचं होतं, आणि ती ड्रायव्हरवर चिडली होती. सावकाशरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी बाहीनं पुसलं, घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मागे वळून प्रवाशांवर ओरडले, "घट्ट धरून बसा!"

आणि दुसरा गियर टाकला.