संपाची हजेरीवही

संप म्हणजे कामावर न जाणं, एवढी साधी गोष्ट शिक्षकांच्या गळी उतरवायला युनियनला तीन सभा घ्याव्या लागल्या. तरी पहिल्या दिवशी सगळे नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधीच फाटकाशी हजर झाले, तेही डबे घेऊन. दोघांनी तर तपासायच्या वह्यांचे गठ्ठे आणले होते. संप आपल्या जागी, पण मुलांचं नुकसान नको, असं त्यांचं म्हणणं.

शाळेत शिक्षक बेचाळीस. त्यातले अकरा जण अकरा महिन्यांच्या करारावर. बारावा महिना आला की त्यांना घरी बसवायचं आणि पुढच्या महिन्यात नव्याने घ्यायचं, म्हणजे माणूस म्हातारा होत जातो आणि नोकरी मात्र कायम तान्ही राहते. युनियनला त्यांच्यासाठी बारा महिन्यांचा करार हवा होता. वर्गात सत्तर-सत्तर पोरं कोंबलेली असायची, ती पन्नासावर आणायची होती. आणि प्रयोगशाळेला छत हवं होतं. आधीचं छत गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत खाली आलं. मधली सुट्टी होती म्हणून कोणी मेलं नाही, आणि कोणी मेलं नाही म्हणून संस्थेच्या चेअरमनच्या मते काही घडलंच नव्हतं.

गणिताच्या बाई युनियनच्या चिटणीस होत्या. नोकरी अठ्ठावीस वर्षं, कायम. मुलं आणि शिक्षक त्यांना पाठीमागे ‘बिनचूक’ म्हणत. हे नाव बाईंना ठाऊक होतं आणि त्यात त्यांना चिडवण्यासारखं काही दिसत नव्हतं. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात त्या, त्यांची आजारी, जेमतेम मोरीपर्यंत चालणारी थोरली बहीण आणि बहिणीची मुलगी अशा तिघी राहत. ही भाची त्याच शाळेत खालच्या वर्गांना शिकवायची, करारावर. सहा करार सलग झाले की सातव्या वेळी माणसाला कायम करायचं, असा नियम होता. भाचीचा सहावा करार संपायला दोन महिने उरले होते.

दुसऱ्या दिवशी संपाला शिस्त राहिली नाही. खेळाचे सर सकाळी दहाला चहा प्यायला गेले, ते बाराला उगवले. एक बाई दळण टाकून आल्या. कोण आलं, कोण गेलं, कोणाचा कोणाला पत्ता नाही. बाईंना हे बघवेना. तिसऱ्या दिवशी त्या लांब आखीव वही घेऊन आल्या आणि फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसून त्यांनी रकाने पाडले: क्रमांक, नाव, कायम की करार, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, जाताना सही. तीन वेळा उशीर झाला की अर्धा दिवस कापायचा, हेही वर लिहून टाकलं. कापायचा कशातून, हे कोणी विचारलं नाही. शिक्षकच ते. वही समोर आली, सह्या करून मोकळे झाले. उलट त्यांना बरं वाटलं. आठवडाभरात एका सरांनी मेव्हण्याच्या साखरपुड्यासाठी संपातून एक दिवसाची किरकोळ रजा मागितली आणि बाईंनी ती, अर्ज दोन दिवस आधी आला नाही म्हणून, नामंजूर केली.

सही करताना एकटी भाची थबकली.

“मावशी, कायमवाल्यांची घे. आम्हा अकरा जणांना सोड ना यातून.”

“नाव नाही म्हणजे गैरहजर. तू गैरहजर आहेस का?”

“चौदावं कलम विसरलीस?”

बाई विसरल्या नव्हत्या. करारावरचा माणूस कामबंद आंदोलनात होता असं सिद्ध झालं, तर त्याचा करार पुन्हा होणार नाही, असं ते कलम सांगत होतं. पण सिद्ध कशाने होणार? शाळेचं मस्टर हेडक्लार्कने पहिल्याच दिवशी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं आणि किल्ली खिशात घालून तो तापाने आजारी पडला होता. त्याला ताप हवा तेव्हा यायचा. संस्थेकडे कागदाचा कपटा नव्हता, आणि फाटकावर कॅमेरा बसवायचा ठराव प्रयोगशाळेच्या छताच्या ठरावाखालीच दडपला गेला होता.

“ही वही कोणाला दाखवायची नाहीये,” बाई म्हणाल्या. “वही दाखवायला नसते, ठेवायला असते.”

भाचीने सही केली. लहानपणी बाराखडी ज्यांच्या मांडीवर बसून गिरवली, त्यांच्याशी वाद घालायची सवय तिला नव्हती.

नवव्या दिवशी साडेबाराला शेजारीण धावत आली. भाचीची आई मोरीत पडली होती. भाची निघाली, तर बाईंनी तिला थांबवलं आणि कोरा कागद पुढे केला. पडलेली बाई त्यांची स्वतःची सख्खी बहीण होती, पण त्याने काय फरक पडतो? भाचीने कट्ट्यावरच उभ्या उभ्या अर्ज खरडला, ‘आई पडल्यामुळे संपातून अर्धा दिवस सुट्टी मिळावी’, वहीच्या पानामागे सही केली आणि पळत सुटली. बाईंनी अर्ज पानाला टाचला. त्यांचाही जीव वर-खाली होत होता, पण पाच वाजेपर्यंत वही सोडून जाणार कशा? घरी पोचल्या तेव्हा बहिणीच्या मनगटाला प्लास्टर बसलेलं होतं. तिने विचारलं, “सुटली का गं शाळा?”

तेराव्या दिवशी चेअरमनने बोलणीला बोलावलं. युनियनचे अध्यक्ष चित्रकलेचे सर होते. माणूस मऊ, त्यांच्या चित्रातल्या वाघांनासुद्धा कोणी घाबरत नसे. चेअरमन खुर्चीत रेलून म्हणाला, की सर, संप-बिंप कसला, फाटकाशी दहा-बारा डोकी दिसतात, बाकीचे घरी पंख्याखाली लोळतायत. सर हसले. असं बोलणं ऐकून हसायचं आणि मागण्यांकडे वळायचं, हे त्यांना कळत होतं. दहा-बारा तर दहा-बारा.

बाईंना मात्र दहा-बारा हा आकडा सहन झाला नाही. रोजची सरासरी अडतीस होती. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली.

“मोजून घ्या,” त्या म्हणाल्या.

चेअरमनने पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, आणि मग तो सरळ बसला. दोन्ही हातांनी, पोथी उचलावी तशी, त्याने वही उचलली. इतकी सुंदर वही आपल्या ऑफिसातसुद्धा कोणी ठेवत नाही, ही अभ्यासाला आमच्याकडे राहू द्या, असं तो अगदी मनापासून म्हणाला. बाई एवढंच म्हणाल्या, की पोच द्या. चेअरमनने ती लगेच दिली, शिक्क्यासकट. जिना उतरताना सर म्हणाले, “बाई, आपण त्यांना काय दिलं, कळलं का तुम्हाला?” तोवर बाईंना कळलं होतं. त्या पायऱ्यांकडे बघत उतरत राहिल्या.

दोन दिवसांत संप मिटला. सगळ्या मागण्या मान्य झाल्या. बारा महिन्यांचा करार, पन्नासचा वर्ग, प्रयोगशाळेचं छत. वर्तमानपत्रात शिक्षकांचा विजय म्हणून चौकट आली. करारनाम्याच्या शेवटी एक ओळ होती: चौदाव्या कलमाचा भंग सिद्ध झालेल्यांना हे लाभ मिळणार नाहीत, चौकशीसाठी एका निवृत्त न्यायाधीशांची नेमणूक केली आहे.

आता सगळं बाईंवर येऊन ठेपलं. वही त्यांनी लिहिलेली, त्यांनीच दिलेली. चित्रकलेच्या सरांनी त्यांना समजावलं, की खोटं बोलू नका, नुसतं ढिलं बोला. म्हणा, वेळ जात नव्हता म्हणून लिहीत होते. सह्या कोणी केल्या, कधी केल्या, नक्की सांगता येत नाही. वही ढिली आहे, एवढं एकदा तुमच्या तोंडून आलं की अकरा जण सुटले. तुमचं कोणी काही बिघडवू शकत नाही. बाईंनी मान हलवली. खरंच, बिघडण्यासारखं काहीच नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत एकदा आपली वही ढिली होती, असं म्हणायचं, बस.

घरी त्या आरशासमोर उभ्या राहून सराव करायच्या. “वही ढिली आहे.” पुन्हा. “वही तशी ढिलीच आहे.” भाची पलीकडच्या खोलीत आईला भरवत असायची. तिला सगळं ऐकू यायचं. एकदा तिची आई म्हणाली, की ही कोणाशी बोलते गं? भाची म्हणाली, पाठांतर करतेय.

चौकशी शिक्षकांच्या खोलीत झाली. न्यायाधीश थकलेला माणूस होता. वाचायचा चष्मा वेगळा, बघायचा वेगळा, आणि दोन्ही एकाच वेळी गळ्यात. त्याला जेवणाआधी काम आटपायचं होतं, आणि कोणाच्या पोटावर पाय देऊन आलं की जेवण जात नाही, हा त्याचा जुना अनुभव होता. एका बाजूला संस्थेचा वकील, दुसऱ्या बाजूला बाकावर दाटीवाटीने अकरा जण. भाची कडेला.

बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वही ढिली आहे.” चांगलं म्हणाल्या. सरावाचा उपयोग झाला. वेळ जात नव्हता, हेही म्हणून झालं. वकील उठून काही बोलणार, तर न्यायाधीशांनी हातानेच त्याला बसवलं. ते पानं चाळत होते. एका पानावर थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“हा नववा दिवस बघा. खाली एकूण सदतीस लिहिलंय. सह्या मी दोनदा मोजल्या, छत्तीसच भरतात. बेरजेतच चूक असेल, तर अशी वही मला पुरावा म्हणून धरता येणार नाही.” त्यांनी बाईंकडे बघितलं. “चूक आहे, एवढंच म्हणा. मग आपण सगळे जेवायला जाऊ.”

बाकावरच्या अकरा जणांचा श्वास एकदम सुटला. दार उघडलं होतं, उघडणाराच म्हणत होता, या बाहेर. चित्रकलेच्या सरांनी डोळे मिटले. वकील कागद गोळा करायला लागला.

बाईंची नजर वहीवर गेली. सदतीस आणि छत्तीस. हातात खडू धरल्यापासून त्यांची बेरीज कोणी चूक म्हटली नव्हती. इन्स्पेक्टरने नाही, ऑडिटवाल्याने नाही, सत्तर पोरांच्या वर्गातल्या सगळ्यात आगाऊ पोराने नाही. त्यांनी भाचीकडे बघितलं. भाची अगदी हळू मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण.

“चूक नाहीये,” बाई म्हणाल्या.

“नीट विचार करून सांगा,” न्यायाधीश म्हणाले.

“विचार कसला त्यात? पान उलटा. अर्ध्या दिवसाच्या सह्या मी मागच्या बाजूला घेते. सदतिसावी तिथे आहे. अर्ज टाचलाय.”

न्यायाधीशांनी पान उलटलं. वाचायचा चष्मा चढवला. आई पडल्यामुळे संपातून अर्धा दिवस सुट्टी मिळावी. खाली सही, तारीख, वेळ, आणि लाल शाईत ‘मंजूर’. त्यांनी तो अर्ज जरा जास्तच वेळ वाचला. बाईंना मग उमगलं, की बोट आपण कोणावर ठेवलं. पण तोवर वकील उठला होता आणि गोड आवाजात विचारत होता, की म्हणजे बाकीच्या सह्याही अशाच, बाईंच्या डोळ्यांदेखत झाल्या असणार ना? बाईंनी ‘हो’ म्हटलं की नाही, हे नंतर कोणालाच नक्की सांगता आलं नाही. गरजही नव्हती.

“बेरीज बरोबर आहे,” न्यायाधीशांनी लिहून घेतलं आणि चष्मा काढला. “दुर्दैव.”

त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं शिपाई सांगत होता.

अकराच्या अकरा गेले. युनियनने मिळवलेला करार उत्तम होता, फक्त त्यावर सही करायला ज्यांच्यासाठी तो मिळवला त्यातलं कोणी उरलं नव्हतं. संस्थेने जाहिरात देऊन नवे अकरा घेतले. त्यांना बारा महिने मिळाले. ते युनियनच्या वाटेला फिरकले नाहीत. प्रयोगशाळेला छत आलं, पत्र्याचं.

घरी कोणी आदळआपट केली नाही. केली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. दोन दिवसांनी भाजी निवडताना त्या एकदाच म्हणाल्या, “पण बेरीज बरोबर होती गं.”

“होती ना,” भाची म्हणाली. “तो माणूस तुला दार उघडून देत होता, मावशी. तू कडी लावून आलीस. पण बेरीज बरोबर होती.”

नवे शिक्षक रुजू होईपर्यंत भाचीचा वर्ग बाईंकडे आला. शेवटच्या दिवशी भाचीने कपाट रिकामं केलं, पिशवी खांद्याला लावली आणि रिकाम्या वर्गात मावशीला बाकं दाखवत सांगू लागली. खिडकीजवळच्या मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, तिला पुढे बसव, पण सगळ्यांसमोर उठवू नकोस. तिसऱ्या बाकावरचा अडखळतो; त्याचं वाक्य तू पुरं करू नकोस, थांब. मागच्या कोपऱ्यातली दोघं भाऊ आहेत, डबा एकच असतो, एक जेवतो तेव्हा दुसरा पाणी प्यायला जातो. आणि दाराजवळची गप्प मुलगी, तिला कोणी हात उगारला तर ती बाकाखाली जाते, तेव्हा खडूसुद्धा हळू उचल.

बाईंनी पर्समधून पेन्सिल आणि चिठ्ठी काढली.

“लिहू नकोस,” भाची म्हणाली. “लक्षात ठेव.”

बाईंनी पेन्सिल परत ठेवली. दोघी जिना उतरल्या. भाची पुढे, त्या मागे, मनातल्या मनात बाकं मोजत. खालच्या पायरीवर पोचेपर्यंत पाच मुलांपैकी त्यांना चार आठवत होती.