झाकणभर रम

काचेची बाटली उलटी पुरली की तिच्या तळाचा खोलगट भाग वर येतो आणि त्यात चमचाभर पाणी साठतं. लटारूभाऊंच्या अंगणात झेंडूच्या वाफ्याभोवती अशा बाटल्यांची सरळ रांग होती. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून ते दर आठवड्याला एकेक तळ फडक्याने कोरडा करायचे. सगळ्या बाटल्या रमच्या होत्या.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते अहेरीकडच्या आपल्या गावी परतले, त्याला बरीच वर्षं झाली होती. आजाऱ्याला खाटेवर घालून दवाखान्यात न्यायचं, मोडलेलं हाड बांबूच्या कामट्यांनी बांधायचं, ही कामं त्यांच्याकडेच येत. सगळ्यात मोठं काम गावच्या तलावाचं. त्याच्या फुटक्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, दर रविवारी श्रमदान चाले. दिवस मावळला की लटारूभाऊ माणसांना ओळीत उभं करत आणि फौजी कॅन्टीनच्या कोट्यातली रम बाटलीच्या झाकणाने मोजून देत. एकेकाला एकच झाकण. थंडीतल्या चौकीवर त्यांनाही अशीच मोजून मिळायची. यात काही वावगं असेल असं त्यांना कधी वाटलं नाही.

तेवढ्याने कोणाला चढत नव्हती. पण तोंडाला चव लागली की माणसं तिथून थेट दसरूच्या मोहाच्या भट्टीवर जात, आणि रात्री घरोघरी बायका मार खात.

जिल्ह्यात दारूबंदीची मागणी जोर धरत होती, कायदा अजून व्हायचा होता. गावसभेत गावातल्याच कलाबाईने गावापुरत्या दारूबंदीचा विषय मांडला. तिथे हात वर करून ठराव होत नसे. प्रत्येकाने आपल्या तोंडाने ‘मंजूर’ म्हणायचं. एकजण जरी गप्प राहिला तरी विषय पुढच्या सभेवर जाई. दसरूसुद्धा बायकोकडे पाहत ‘मंजूर’ पुटपुटला. लटारूभाऊ गप्प राहिले. पुढच्या सभेत, त्याच्या पुढच्या सभेतही. पावसाआधी तलावाचं जादा पाणी वाहून जायचा सांडवा बांधून व्हायला हवा होता, आणि झाकण बंद झालं तर कोणी कामावर येणार नाही, ही त्यांची भीती होती.

मे महिन्यात कलाबाईचा नवरा चैतू झिंगून पाळीवरून पडला. लटारूभाऊंनी त्याचा हात बांधला आणि कळ थांबावी म्हणून झाकण पुढे केलं.

“भाऊ, तुमीच पाजता अन् तुमीच हाड बांधता,” कलाबाई म्हणाली. “आमी भांडाव कोनाशी?”

“माही झाकनभर असते, कलाबाई. त्यानं कोनी पडत नाई.”

“भाऊची सरकारी हाय,” चैतू खाटेवरून बोलला. “ते चढत नाई, सलाम ठोकते.”

“तू गप राय. ठोक आता सलाम, त्या हातानं!” मग ती लटारूभाऊंकडे वळली. “एक रविवार बिनझाकनाचा करून पाहा. मानसं तलावासाठी येते का झाकनासाठी, मंग समजन.”

त्यांनी तसं केलं. उद्या काम आहे, रम नाही, अशी दवंडी पिटवली. रविवारी मोजकेच पुरुष आले. कलाबाई आणि आणखी काही बायका टोपल्या घेऊन आल्या. त्यांना आजवर कोणी बोलावलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत सांडव्याची एक बाजू उभी राहिली. दुसरी पावसाआधी होईल की नाही, हे सांगता येत नव्हतं.

पुढच्या सभेत पुन्हा तोच विषय आला. सगळे ‘मंजूर’ म्हणून झाले.

“भाऊ आजबी गपच राहते पाहा,” दसरू म्हणाला. “माही भट्टी सुरूच समजा.”

पुरुष हसले. लटारूभाऊ उठून उभे राहिले.

“सांडवा अर्धाच हाय,” ते म्हणाले. “मानसं नाई आले अन् पानी आलं, तं पाळ फुटन. हे समजून बोलून राह्यलो.”

मग ते दसरूकडे वळले.

“दसरूची भट्टी बंद. माहा कोटाबी मी आननार नाई. मंजूर.”