वाकड्या चोचीचं पिल्लू

लेक रागिणी नोकरीसाठी अमरावतीला गेली आणि आमचं अकोल्याचं घर गप्प झालं. मला मुळातच बोलण्याचा कंटाळा. शेवंती तोडायची, बाजारात द्यायची, जेवायचं, झोपायचं. त्यामुळे निंबाखाली पडलेलं पांढरं, लवदार पिल्लू बायकोनं घरात आणलं, तेव्हा मी हूं की चूं केलं नाही.

"चोच पाहा, कशी वाकडी हाये. पोपटच हाये," कौशल्या म्हणाली. "याले बोलनं शिकवीन. मले 'आई' म्हनेल."

भिजवलेली हरभऱ्याची डाळ झाली, पेरूची फोड झाली, हिरवी मिरचीसुद्धा झाली. पिल्लू कशालाच तोंड लावेना. ही मात्र त्याच्यापुढे बसून "आई म्हन, आई" करत होती. निंबावर एक पाखरू सारखं किंचाळत होतं, त्याला ती मधूनमधून हुसकावून येई.

दुसऱ्या दिवशी पिल्लाची मान लटकली. मग मलाच राहवेना.

"अवं, चोच पाहिली, पाय पाहिले काय? पोपटाची दोन बोटं पुढं, दोन मांगं असतात. याची तीन पुढं हायेत. अन् नखं पाहा, नुसत्या सुया. हा शिकरा हाये. याले पाली-सरडे लागतात."

"तुमाले माहं काईच चांगलं पाहवत नाही!" ती उखडली. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. तिचा राग मला समजत होता.

तेवढ्यात भिंतीवरून पाल सरकली. मरायला टेकलेलं ते पिल्लू ताडकन उठलं आणि धडपडत तिच्या मागे धावलं. पाल निसटली. कौशल्यानं पुढ्यातली पेरूची फोड उचलून ठेवली.

"हा नाही बोलत मंग," ती म्हणाली. "निंबावर ओरडून राहिली, ते याची माय हाये न?"

मी शिडी लावली, टोपलीत गोणपाट घातलं आणि पिल्लासकट ती फांदीला बांधली. आम्ही ओसरीवर येऊन बसलो. थोड्या वेळानं शिकरी आली, पायात सरडा धरून. पिल्लानं चोच उघडून एकच कालवा केला.

"कशी हाक मारली पाहा तिले," कौशल्या म्हणाली. "मलेबी कोनं तरी हाक मारावी, असं लय वाटते हो." आणि डोळे पुसत कणीक मळायला आत गेली.

मला फार वाईट वाटलं. लग्न झाल्यापासून मी नुसतं 'अवं' करत आलोय. घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं हाक मारली, "कौशल्या!"

पिठाच्या हातांनी ती धावतच बाहेर आली.

"काय झालं? रागिणीचा फोन आला काय?"