मामाकडची माणसं

कृतिकाला कुजबुजत बोलायची सवय लागली होती. चार वर्षांची पोर. तहान लागली तरी आईला खाली वाकवायची आणि तिच्या कानात सांगायची. तिला काही आजार नव्हता आणि ती लाजाळूही नव्हती. सोलापुरात होती तेव्हा तिच्या ओरडण्याने गल्लीतली कुत्री उठून लांब जाऊन बसायची, असं तिची आई आसावरी सांगते.

मग तिच्या बापाची, मुकुलची, बदली ठाण्याला झाली. भाड्याचं घर मिळेपर्यंत तिघं मुकुलच्या बहिणीकडे, नीलाकडे उतरली. नीला नर्स आहे. तिला रात्रपाळी, म्हणजे झोप दिवसा, आणि घर दोन खोल्यांचं. नीलाने कधी वाकडा शब्द काढला नाही. आसावरीच दिवसभर पोरीच्या मागे असायची, "हळू बोल. आत्या झोपलीय. हळू." महिनाभर हेच चाललं. पुढे नीला सुट्टीला घरी जागी बसलेली असली तरी पोर कुजबुजायचीच. बागेत नेली तर घसरगुंडीवरून येताना तोंड मोठं उघडायची, पण आवाज फुटायचा नाही. ते बघून आसावरी घाबरली. आता घर लवकर हवं होतं, आणि तेही पोरीचा आवाज परत येईल असं.

घोडबंदर रोडला त्यांनी एक उंच बिल्डिंग पाहिली. लिफ्टमध्येच पाटी होती, मुलांनी पॅसेजमध्ये खेळू नये, बागेत चेंडू आणू नये. डोंबिवलीला बाबुराव नावाच्या निवृत्त गृहस्थांचं घर पाहिलं. स्वच्छ जागा, भरपूर उजेड, पाच मिनिटांवर स्टेशन. बाबुरावांनी सगळी चौकशी केली आणि शेवटी विचारलं, "मुलगी फार दंगा नाही ना करत?"

"नाही हो," आसावरी म्हणाली, "तिचा आवाजसुद्धा यायचा नाही तुम्हाला."

बोलून गेली आणि जिन्यात येऊन रडायला लागली. मुकुलला कळेना, एवढं चांगलं घर, मालक तयार, आणि ही रडते कशाला.

"मी काय बोलले ऐकलंस ना? वर मला त्याचा अभिमान वाटत होता," ती म्हणाली. ते घर त्यांनी घेतलं नाही.

मग त्यांना तानाजी भेटला. हा आमच्या भागातला एजंट. तो म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी जा. मालक घरी असणार म्हणजे असणारच." त्याचं खरंच होतं. त्या दिवशी मालकाच्या मुलाची हळद होती. तानाजीला आमंत्रणही होतं, पण गिऱ्हाइकाला एवढं सांगायचं त्याच्या मनातच आलं नाही.

मालक म्हणजे माझा मुलगा प्रफुल्ल. मी आवडाबाई. शहाडहून मोहन्याकडे जाताना आमचं गाव लागतं. शेतं गेली, तिथे बिल्डिंगी आल्या. त्यातली एक आमची. खाली आम्ही राहतो, वर भाडेकरू. दुसऱ्या मजल्यावरची जागा तेव्हा रिकामी होती. गावात मी धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात धवले गाऊन विधी करते ती धवलारीण. धवला सुरू झाला की डीजे बंद ठेवायचा, एवढा मान अजून पोरं ठेवतात.

आमच्या घरात नवऱ्या मुलाला पहिली हळद मामा लावतो. माझा नातू दिपेश पाटावर बसला होता आणि मामाचा पत्ता नव्हता. त्याचा सख्खा मामा खडवलीला, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पडलेला. त्याने निरोप धाडला होता की चुलतभाऊ देवेश येईल, बायको-मुलीला घेऊन. हा देवेश लहानपणापासून बडोद्याला राहिलेला. माझी सून निशा, म्हणजे दिपेशची आई, सोडली तर आमच्यात कुणी त्याला पाहिलेलं नव्हतं, आणि निशा आत साडी नेसत होती.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी रिक्षा थांबली. एक पुरुष, एक बाई आणि एक लहान मुलगी उतरली.

"आला गो, मामा आला!" बायका ओरडल्या. कुणी ओवाळलं, कुणी कुंकू लावलं, कुणी आसावरीच्या केसांत गजरा माळला. डीजे इतका मोठा होता की छातीत दणके बसत होते. मुकुल प्रफुल्लच्या कानाशी ओरडला, "आम्ही रूमसाठी आलोय!"

"रूम तयार हाय!" प्रफुल्ल ओरडला. "वर गाद्या घातल्यात! आधी चा घ्या!"

मुकुल बायकोला म्हणाला, "ठाण्यात मालकांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. इथे ओवाळतायत."

"काहीतरी घोळ आहे," आसावरी म्हणाली. तिच्या मनातून ही जागा रिक्षातून उतरतानाच गेली होती. एवढ्या गोंगाटात पोर आणखीच मिटून जाईल, असं तिला वाटलं. पण उठून जायचं कसं? तिच्या एका हातात चहा होता आणि दुसऱ्या हातात कुणीतरी बुंदीच्या लाडवांची ताटली दिली होती.

तेवढ्यात दोघा-तिघांनी मुकुलला धरून दिपेशसमोर आणला. नव्या माणसाला इथे असंच करत असतील, असं बिचाऱ्याला वाटलं. त्याने वाटीतल्या हळदीत दोन बोटं बुडवली. मी धवला सुरू करायला हात वर केला आणि डीजे एकदम थांबला.

त्या शांततेत, डीजेवर ऐकू जावं म्हणून काढलेला एक खणखणीत आवाज आला.

"आई! आपण यांना ओळखतो का?"

एवढंसं पोर ते, पण आवाज पार मागच्या आचाऱ्यापर्यंत गेला. सगळ्या माना वळल्या. आसावरीचा हात सवयीने पोरीच्या तोंडाकडे गेला आणि मध्येच थांबला.

दारात निशा येऊन उभी होती. "अगो बाय! हा कोन?"

"देवेश ना तुझा," मी म्हटलं.

"देवेशला टक्कल हाय!"

सगळा मांडव मुकुलच्या दाट केसांकडे बघायला लागला. मुकुल पिवळी बोटं तशीच वर धरून म्हणाला, "माफ करा, आम्हाला तानाजींनी पाठवलंय. रूम बघायला आलोय."

आधी दिपेश हसला. "आजी, वाचलो! आता भाडेकरू मामाच्या हातची हळद लागत होती!" मग जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. प्रफुल्ल तानाजीला शोधत सुटला, पण तानाजी मटणाच्या टोपामागे गेला होता.

हसली नाही ती आसावरी. ती तिथेच खाली बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बायकांना वाटलं, पाहुणीला अपमान वाटला. मी तिच्याजवळ गेले. "रागवू नको गो. आमचीच चूक झाली."

"राग नाही हो आजी. ही ओरडली. इतक्या दिवसांनी ओरडली." मग तिने नीलाच्या घरचं सगळं थोडक्यात मला सांगितलं. सांगता सांगता पोरीला जवळ ओढून म्हणाली, "मघाशी काय म्हणालीस, परत म्हण."

कृतिकाने भोवती पाहिलं. मग आईच्या कानाला तोंड लावलं. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं. "इथे कोण झोपलंय?"

आसावरीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, मघाचं ते तेवढ्यापुरतंच होतं.

"इथं कुनी झोपलं नाय," मी पोरीला म्हटलं. "आन आज कुनी झोपला ना, तर त्याला उठवायचं काम तुझं. तो बघ, खुर्चीवर माझा दीर पेंगतोय. परशुराम नाव त्याचं. उठव त्याला."

पोरीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. पोर परशुरामच्या खुर्चीशी गेली, छाती भरून श्वास घेतला आणि किंचाळली, "परशुराम!"

परशुराम टोपीसकट उडाला. "मेलो रं!"

मग तिला दुसरं कुणी सांगायची गरजच राहिली नाही. आमच्या घरची पोरं तिला घेऊन मांडवभर पळत सुटली.

आसावरीने डोळे पुसले. "आजी, वरची जागा बघू का?"

"अगं, जरा थांब," मुकुल म्हणाला. "आपल्याला शांत जागा हवी होती ना? इथे रोज असं असलं तर?"

"लगीन असलं तरच," मी म्हटलं. "एरवी कोंबडे, आन ही पोरं."

"शांत जागेचं तू म्हणत होतास," आसावरी त्याला म्हणाली. "मीही म्हणत होते. आता नाही म्हणत."

प्रफुल्ल मान खाजवत उभा होता. ती जागा एका कंपनीच्या पोरांना द्यायचं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. "आये, माझी बोलनी झालीयत."

"कंपनीची पोरं दुसरीकडे राहतील. या मानसाची बोटं आपल्या हलदीत बुडलीत. आता काय, नलावर धुवून परत धाडायचा?"

प्रफुल्लला हसू आलं. तो मुकुलला म्हणाला, "बाकीचं आपन उद्या बोलू. बोटं पुसू नका. खऱ्या मामाच्या मागून तुमी पन लावा."

खरा देवेश अर्ध्या तासाने आला. टक्कल बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला कळेना, आपण असं काय केलंय. त्याने पहिली हळद लावली, मग मुकुलने लावली, आणि मी धवला म्हटला. देवेश म्हणाला, "आम्ही रात्री खडवलीला जाणार, गाद्या आमच्यासाठी नकोत." मी चावी आसावरीच्या हातात दिली. "जा, जागा बघून ये. नल सोडून बघ, खिडक्या उघडून बघ."

बराच वेळ झाला तरी ती खाली येईना, म्हणून मी तांब्याभर पाणी घेऊन वर गेले. दार सताड उघडं होतं. खाली डीजे पुन्हा दणक्यात सुरू झाला होता, भिंतीसुद्धा थरथरत होत्या. आसावरी गादीवर आडवी झाली होती आणि गाढ झोपली होती.

खालून हाक आली, "आई! ए आई!"

ती हललीही नाही. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पोर अंगणात उभी होती, तोंडभर हळद.

"झोपलीय ती," मी ओरडून सांगितलं. "तुला काय पायजे ते मला सांग!"

"लाडू!" ती त्याहून मोठ्याने ओरडली.